जरा वशट

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे बसते, तिथेही नाही. तिथे तर मी भराभर स्तोत्र म्हणते आणि उठते. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. शिवाय गोष्ट केकची आहे, त्यामुळे सुरुवात करायला सोपी वाटते.

हो, केकचीच. केळ्याच्या केकची. हसू नका.

नव्वदच्या दशकात आम्ही सानपाड्याला राहायला आलो. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. नवरा एपीएमसी मार्केटात फळांच्या गाळ्यावर कामाला होता. संध्याकाळी येताना काळी पडलेली केळी पिशवीभर घेऊन यायचा. ती कुणी घेत नसे आणि त्याला टाकवत नसे. शिकरण तरी माणसाने किती खावं? शेवटी वाशीला एका बाईंच्या क्लासात मी केळ्याचा केक शिकले, गोल ओव्हन घेतला आणि बघता बघता बिल्डिंगमध्ये 'केकवाल्या वहिनी' झाले. ते नाव मला फार आवडायचं. किती आवडायचं, ते पुढे कळेलच.

समोरच्या दारात कुसुम राहायची. तळवलीची, आगरी घरातली. तिची आई खाडीची मासळी विकायची. नवऱ्याची कंपनी बंद पडली तशी कुसुमही रोज सकाळी आईबरोबर मासळी घेऊन बसू लागली. पोर लहान होती, तिला माझ्याकडे ठेवून जायची. मासळीची तिला लाज नव्हती — लाज असलीच तर आमच्या बिल्डिंगला होती. तिला फक्त सकाळी पोरीजवळ राहायचं होतं. म्हणून एक दिवस म्हणाली, "वैनी, मना पन केक शिकव ना. घरी बसून काय तरी करीन."

मी शिकवलं. अगदी मोठ्या मनाने शिकवलं हं. शिकवणारीचा मान कुणाला नको असतो? केळी काट्याने कुस्करायची, अंडी फेटायची, मैदा चाळून घालायचा. तिच्याकडे ओव्हन नव्हता. ती जाड पातेल्यात वाळू तापवायची आणि तिच्यावर डबा ठेवायची. मला वाटलं, करपवून ठेवील. पण तिचा केक माझ्या केकपेक्षा हलका झाला. आणि वरचं आयसिंग! माझं लोणी-साखरेचं आयसिंग कायम रवाळ, फुटल्यासारखं. तिने आपलं आपणच शोधून काढलं — परातीत थंड पाणी घ्यायचं, त्यात पातेलं ठेवायचं, हात न थांबवता फेटत राहायचं आणि शेवटी लिंबाची साल किसून घालायची. पहिल्यांदा चाखलं तेव्हा मी "छान झालंय गं" म्हटलं. मग घरी येऊन उगाचच भांडी आपटली.

आता त्या गोष्टीकडे येते. येतेच आहे — जरा थांबा.

तळमजल्यावर दातारबाईंची बालवाडी होती. मुलांच्या वाढदिवसांना बाहेरून केक आणण्यापेक्षा बिल्डिंगमधल्याच कुणाला तरी काम द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. दोघींचेही केक त्यांनी चाखले होते. एकदा जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "कुसुमचा फारच सुरेख होतो हो. तिलाच सांगावं म्हणते. तुम्ही तिच्या गुरू, तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं? तिचाच चांगला होतो, हेच वाटत होतं. हे काम मिळालं तर तिची सकाळची मासळी सुटेल, हेही मला ठाऊक होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "करते चांगला. फक्त कधी कधी — जरा वशट वास येतो."

वशट. आमच्याकडे हा मासळीचा शब्द अंड्यालाही लावतात. केक आत कच्चा राहिला की अंड्याचा वशट वास येतो, हे कोणीही सांगेल. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच समजावलं, की मी अंड्याचं बोलले होते. पण मासळी विकणाऱ्या बाईबद्दल वशट म्हटल्यावर ऐकणारा काय ऐकेल? आणि ते मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो शब्द जिभेवर आला. दातारबाई म्हणाल्या, "हं... बरोबर आहे. घरात ते सगळं असणारच." मी मान डोलावली. बोंबील मीही कुसुमच्या आईकडूनच घ्यायचे, हे तेव्हा मला आठवलंसुद्धा नाही.

बालवाडीचं काम मला मिळालं. तो शब्द मात्र जिन्यातच थांबला नाही, वरपर्यंत गेला. पोरीच्या वाढदिवसाला कुसुम घरोघरी केक घेऊन गेली, तर एकीचा उपास, दुसरीचं पोट बिघडलेलं, तिसरीच्या घरात कुणी गोड खात नाही. सगळ्या बिल्डिंगला एकाच दिवशी काय झालं होतं? ताटल्या तशाच परत घेऊन ती माझ्या दारावरून गेली. मी दार लोटून घेतलं.

मग एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. मी बालवाडीसाठी आयसिंग फेटत होते — तिच्याच पद्धतीने, परातीत थंड पाणी घालून. तिने ते पाहिलं. दोन्ही तळवे माझ्या नाकापुढे धरले.

"वैनी, खरा सांग. माजे हाताला वास हाय का? लोक बोलतान. तू सांगशील ता मी मानीन."

बोटं भिजून पांढरी पडली होती. लिंबू चोळून चोळून नखांच्या कडा सोलवटल्या होत्या. मी तिचे हात धरले आणि वास घेतला. लिंबाचा वास होता, थोडा साबणाचा होता. दुसरा कसलाही वास नव्हता. काहीच नव्हता हो! एक 'नाही' म्हटलं असतं, तर निदान तिच्यापुरतं तरी सगळं पुसलं गेलं असतं.

मी म्हणाले, "थोडासा येतो गं."

का म्हणाले? जिन्यात जळफळाटाने जीभ घसरली, असं एक वेळ म्हणता येईल. पण इथे तर तिचे हात माझ्या हातात होते. नाही म्हटलं असतं, तर मग ही अफवा उठवली कुणी, हा प्रश्न आला असता. मी घाबरले. आणि खरं सांगायचं, तर ओव्हनमधला केक माझा होता, तो मला माझाच राहायला हवा होता.

कुसुम म्हणाली, "बरा झाला तू सांगितलास. बाकीचे तोंडावर नाय बोलत." संध्याकाळी तिने तिचा केकचा डबा घासूनपुसून माझ्याकडे आणून दिला. म्हणाली, तुला दोन लागतील आता. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला माझ्याकडे सोडून ती मासळीवर गेली. वर्षभराने ते लोक तळवलीला परत गेले. बालवाडीचे केक मी पुढे कितीतरी वर्षं केले, तिच्या डब्यातही केले.

अलीकडेच ती सानपाडा स्टेशनबाहेर भेटली. माझा नातू बरोबर होता. तिचे केस पिकलेत, पण हसणं तसंच. "वैनी!" करून मिठीच मारली. नातवासाठी पिशवीतून वेलची केळं काढलं, अर्धं सोललं. आणि त्याला देण्याआधी स्वतःची बोटं नाकाशी नेऊन वास घेतला. पटकन, आपण पदर सारखा करतो ना, तसा. तिच्या ते ध्यानातही आलं नसावं. मग सालीला धरून, गराला बोट न लावता, केळं त्याच्यापुढे केलं.

नातवाने ते सगळं खाल्लं. मी "येते गं" म्हणाले आणि घरी आले.

त्याच आठवड्यात त्याचा वाढदिवस झाला. केळ्याचा केक मीच केला. परातीत थंड पाणी घेऊन आयसिंग फेटलं, लिंबाची साल किसून घातली. सूनबाई बोट चाटत म्हणाली, "आई, हे आयसिंग कुठे शिकलात?"

मी म्हणाले, "वाशीला, क्लासात."