ओजससाठी लावलेला कौल

ही गोष्ट मी कधीच कुणाला सांगितली नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही — पुष्कळदा आली. जेवताना आली, गाडीत आली, एकदा तर दवाखान्यात रांगेत बसलो असताना सून स्वतःहून तोच विषय बोलत होती. मी मान हलवत राहिलो. मान हलवायला काय लागतं? आता तुम्ही शेजारी बसला आहात असं समजून लिहितो. मधेच थांबलो तर समजून घ्या. मला हे सरळ सांगता येईल की नाही, माझं मलाच ठाऊक नाही.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. तरुणपणी अबुधाबीत आलो, मुसफ्फात फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून निवृत्त झालो. बायको गेल्यावर मुलाकडे, महेशकडे, दुबईतल्या बर दुबई भागात राहायला आलो. महेश दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात मॅनेजर. सून वृषाली पुण्याची, एका क्लिनिकचे हिशेब बघते. आणि ओजस, माझा नातू. सगळं त्याच्याबद्दलच आहे. म्हणजे — माझ्याबद्दल आहे, पण भोगलं त्याने.

ओजस बेसबॉल खेळायचा. आपल्यातली मुलं क्रिकेट खेळतात, तोही खेळायचा, पण शाळेतल्या एका अमेरिकन कोचने त्याचा हात पाहिला आणि त्याच्या हातात तो पांढरा चेंडू दिला. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, केलं त्याला. महेशच्या ऑफिसातले लोक विचारायचे, "बेसबॉल? म्हणजे आपला विटीदांडूच ना?" महेश हसायचा आणि घरी येऊन चिडायचा.

आमच्या इमारतीमागे गाड्या लावायची रेताड जागा आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही दोघं तिथे जायचो. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो, डाव्या हातात ते भलंमोठं चामड्याचं ग्लोव्ह घालून, आणि तो मला झेपतील असे हळू चेंडू टाकायचा. "यल्ला आजोबा, हात वर!" म्हणायचा; यल्ला म्हणजे चला, इथला अरबी शब्द. येणारेजाणारे बघून हसायचे. बायको गेल्यापासून दिवसभर मी त्या एका तासाची वाट बघत असे. हे सांगितलं ते दया यावी म्हणून नाही. पुढचं कळायला हवं म्हणून.

बारावीच्या वर्षी दोन गोष्टी एकदमच आल्या. अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजने त्याला घ्यायची तयारी दाखवली — निम्मी फी माफ, त्यांच्या संघातून खेळायचं आणि शिकायचं. आणि इथे नव्यानेच एक व्यावसायिक लीग सुरू होत होती. त्यांना इथे वाढलेला भारतीय मुलगा हवा होता. करार, पगार, पोस्टरवर फोटो. अट एकच, आणि ती कॉलेजच्या कोचने फोनवर दोनदा समजावून सांगितली होती. एकदा का व्यावसायिक करारावर सही केली, की कॉलेजचं दार बंद. मग आम्ही त्याला खेळवू शकणार नाही, म्हणाला.

घरात महिनाभर तेच. महेश म्हणायचा, "अगं, हे लोक त्याला खेळायचे पैसे देतायत. आणि तू पैसे भरून खेळायला पाठवतेस."

वृषाली म्हणायची, "उद्या खांदा गेला तर? डिग्रीला खांदा लागत नाही."

"तुला त्याच्यावर विश्वासच नाही."

"तुला फक्त पोस्टर दिसतंय, महेश."

मी चहा पीत ऐकायचो. कुणी मला विचारायचं नाही, आणि मला तेच बरं वाटायचं. विचारलं असतं तर काय म्हणालो असतो?

ओजस काय म्हणायचा? आईसमोर "मॉम, आय डोन्ट नो," आणि वडिलांसमोर नुसता हसायचा. पण एके संध्याकाळी चेंडू टाकता टाकता तो माझ्या खुर्चीपाशी येऊन उकिडवा बसला. म्हणाला, "आजोबा, बाबांना सांगू नका हां. मला कॉलेजला जायचंय. पण बाबा इतके हॅपी आहेत ना, मला बोलताच येत नाही." मी म्हटलं, "बरं." एवढंच. त्याच्या बाजूने एक शब्द घरात बोललो नाही. तो त्याचा विश्वास होता, म्हणून गप्प बसलो, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. खरं होतं का ते?

त्याच सुमारास मला गावी जायचं होतं, घराच्या पत्र्यांचं काम निघालं होतं. आमच्याकडे मोठा निर्णय अडला की देवीला कौल लावतात. विहीर कुठे खणावी, मुलगी द्यावी की नाही — सगळं विचारतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, पाण्यात बुडवलेल्या कळ्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतो, आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नको. मग वाद संपला. पुन्हा विचारायचं नाही, कुरकुर करायची नाही.

महेशनेच काढलं ते. "बाबा गावाला जातायतच. कौल लावू दे. सही करावी का, एवढंच विचारायचं. सातेरी देवी सांगेल ते करू." मला वाटलं वृषाली हसेल. पुण्याची मुलगी, तिला या गोष्टी बाळबोध वाटायच्या. पण ती म्हणाली, "चालेल. निदान आपल्या दोघांपैकी कुणी हरणार नाही."

तिचं ते वाक्य मला आजही कळतं आणि छळतं. ती देवीला शरण गेली नव्हती. नवऱ्याशी भांडण न होता सुटका व्हावी म्हणून तिने मुलाचं आयुष्य तिसऱ्याच्या हाती दिलं होतं. तो तिसरा देवी होती — असं तिला वाटलं. तो तिसरा मी होतो.

निघायच्या दिवशी ओजस लिफ्टमध्ये म्हणाला, "देवीने कॉलेज सांगितलं तर बाबा ऐकतील ना?" मी म्हटलं, "देवीचं कोण नाही ऐकत?"

गावी पोचल्यावर लगेच देवळात गेलो. सकाळची वेळ, देवळात मी आणि बाबल गुरव, तिसरं कुणी नाही. बाबलने विचारलं, "काय इचारूचा, काकानू?" मी म्हटलं, माझ्या नातवाने खेळाच्या करारावर सही करावी का? त्याला बेसबॉल सांगता सांगता माझी तारांबळ झाली. तो म्हणाला, "देवीक सगळे खेळ कळतत," आणि गाऱ्हाणं घातलं. 'बारा पाचांच्या देवा म्हाराजा' या ठरलेल्या हाकेपासून सुरुवात करून दुबईपर्यंत आला. मी दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणत होतो.

कळी पडायला कधीकधी तास लागतो. माणसं बसून राहतात. त्या दिवशी बाबलचं गाऱ्हाणं संपतंय न संपतंय तोच डावी कळी पडली. इतकी चटकन, की मी आधी ती आपोआप घसरली असं म्हणालो. बाबल हसला. "नाय काकानू. डावो कौल. देवी नको म्हणता."

"परत विचारायचं का?" मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "एकदा इचारला ता इचारला."

बाहेर पायरीवर येऊन घरी फोन लावला. 'डावा' हा शब्द जिभेवर तयार होता, हे मी शपथेवर सांगतो — पण माझ्या शपथेला आता काय किंमत? वृषालीने उचलला. मागून महेश म्हणाला, "स्पीकरवर टाक." आणि त्याच्याही मागून मला तो आवाज ऐकू आला. ओजस हॉलमध्ये चेंडू ग्लोव्हमध्ये आपटत होता, थप्, थप्. तो थांबला. सगळे थांबले.

मी म्हणालो, "उजवा."

एवढंच. खोटं बोलायला एक शब्द पुरला.

का? इतकी वर्षं हेच विचारतोय, आणि रोज वेगळं उत्तर मिळतं. तो इथेच राहावा म्हणून? ती खुर्ची, ते ग्लोव्ह, तो तास — हे सुटू नये म्हणून? बहुधा हेच. पण मग कधी वाटतं, महेशचा चेहरा पडू नये म्हणून बोललो. मुसफ्फात असताना मी त्याच्या वाट्याला फारसा आलोच नाही, वर्षाकाठी एक महिना. त्याची एकदा तरी बाजू घ्यावी असं वाटलं असेल. कधी वाटतं, नुसता पोस्टरचा मोह. आमच्या आडनावाचं पोस्टर. आणि एक उत्तर असं की उत्तरच नाही. तोंडातून निघून गेलं.

आणखी एक मला उलगडत नाही. मी देवी मानतो की नाही? मानत असेन तर तिचा शब्द उलटा करून सांगायची माझी छाती कशी झाली? आणि मानत नसेन, दोन ओल्या कळ्यांचा खेळच तो असेल, तर मग मी नेमकं काय बिघडवलं? या दोन्ही बाजूंनी स्वतःला सोडवायचा प्रयत्न करून पाहिला. सुटत नाही. देवी असो वा नसो, पोराने मला जे सांगितलं होतं ते मला माहीत होतं.

पुढचं थोडक्यात. ओजसने सही केली. वृषालीने कुरकुर केली नाही, मीना बाजारातून पेढे आणून इमारतीत वाटले. पोस्टर लागलं, त्यात तो दुसऱ्या रांगेत होता. पहिल्या हंगामात थोडा खेळला, बराचसा बाकावर बसला. दुसऱ्या हंगामात त्याचं नाव नव्हतं. कोणी वाईट वागलं नाही. त्यांना आणखी चांगले पिचर मिळाले, एवढंच. मग त्याने त्या कॉलेजच्या कोचला फोन केला. कोच भला माणूस. म्हणाला, तुला मी विसरलो नाही, पण नियम नियम आहे.

आज तो एका गोदामाच्या ऑफिसात डिस्पॅच बघतो. शनिवारी लहान मुलांना चेंडू टाकायला शिकवतो. दुःखी आहे का? मला सांगता येत नाही. हसतो, मित्र आहेत, मला डॉक्टरकडे नेतो. कॉलेजात गेला असता तर सुखी झाला असता का — तेही सांगता येत नाही. तिथेही खांदा गेला असता, कोण जाणे. पण असं म्हणायचा हक्क मला नाही. ते त्याचं त्याने चुकायचं होतं.

सगळ्यात जास्त बदलली वृषाली. कुणी हळहळलं की ती म्हणते, "देवीचा कौल होता. तिच्या मनात काहीतरी असेल." आधी ती हे स्वतःला समजवायला म्हणायची. आता खरंच मानते. माझ्या खोटेपणावर तिने श्रद्धा उभी केली. आणि आता ओजसचं मन पुन्हा शिकण्याकडे वळलंय — स्वतःच्या पैशाने, कर्ज काढून, कॅनडात. महेश नको म्हणतोय. तर वृषाली गेल्या आठवड्यात मला म्हणाली, "बाबा, तब्येत बरी असेल तर गावी जाऊन याल का? तुम्हीच विचारा. मागच्या वेळी तुम्हीच विचारलं होतं."

बाबल गुरव वारला. ती डावी कळी पाहिलेला माणूस आता मी एकटाच. मी आता सांगितलं नाही तर हे माझ्याबरोबरच जाईल, आणि वृषाली जन्मभर देवीला हात जोडत राहील. म्हणून हे लिहून इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला देतोय. वृषाली तो अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. ओजसला मराठी वाचता येत नाही. तिलाच त्याला वाचून दाखवावं लागेल. समोर बसून सांगायचं धैर्य नाही म्हणून हा मार्ग काढला, हेही लिहून ठेवतो.

एक राहिलं. हे मी मघाशी सांगायला हवं होतं.

गावाहून परतलो तेव्हा ओजस विमानतळावर न्यायला आला होता, एकटाच. बॅग त्याने उचलली. पार्किंगमध्ये गाडीपाशी आल्यावर डिकी न उघडता उभा राहिला. म्हणाला, "आजोबा, तुम्ही स्वतः बघितलं? नक्की उजवा?"

आवाजात संशय नव्हता. आशा होती. माझी काहीतरी चूक झाली असेल, म्हाताऱ्याला नीट दिसलं नसेल, एवढीच. मी नुसतं 'थांब जरा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हणालो, "हो बाळा. समोर उभा होतो मी."

त्याने मान डोलावली, बॅग डिकीत ठेवली आणि माझ्यासाठी दार उघडलं. सही दुसऱ्या दिवशी होती.