मनगट पुढे करणारा शेजारी

नोएडात आमच्या वरच्या खोलीत राहणारे गृहस्थ काटेरी तारेच्या कारखान्यात मशीनवर होते. भेटले की हात मिळवायचे नाहीत, मनगट पुढे करायचे. हात तेलकट असले की कारखान्यात सगळेच तसं करतात. पण हे रविवारी, आंघोळ करूनसुद्धा तेच! मला आधी ते नाटकी वाटायचं. "हथेली में काँटे हैं, भाईसाहब," ते म्हणायचे. गच्चीवरून उडालेली माझ्या बायकोची साडीही ते उचलत नसत, हाक मारून सांगत. तळव्याला रेशीम अडकतं म्हणून.

तेव्हा सेक्टरात घरं कमी, तारेचं कुंपण घातलेले रिकामे प्लॉटच जास्त. आमच्या छोटीला ते कौतुकाने दाखवायचे, "बिटिया, ये अपना माल है। छूना मत।" पुढे प्लॉटांवर घरं उठली, घरांना पक्क्या भिंती आल्या. तार कोणालाच लागेनाशी झाली आणि कारखाना बंद पडला.

गावी निघाले त्या दिवशी ट्रंक रिक्षात चढवून त्यांनी सवयीने माझ्यापुढे मनगट केलं. मग छोटीनेही ऐटीत आपलं इवलंसं मनगट त्यांच्यापुढे धरलं. अंकलना असंच भेटायचं असतं, एवढंच तिला ठाऊक.

ते हसले. पँटवर हात पुसले, पुन्हा पुसले, आणि पहिल्यांदाच तळवा उघडून तिच्यासमोर धरला. तिने त्यात हात ठेवला.

"चुभा?" त्यांनी घाबरत विचारलं.

"थोडा सा," ती म्हणाली, आणि हात तिथेच राहू दिला.