राहूच्या मावशींची कार्बाइन

निवडणूक उरकली होती. आचारसंहितेमुळे जमा केलेल्या परवान्याच्या बंदुका परत न्यायला गावोगावची माणसं दौंडच्या पोलीस ठाण्यात आली होती. मी मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला गेलो होतो. बाकावर माझ्या शेजारी राहू गावच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर लष्कराने मोडीत काढलेली, आखूड नळीची जुनी कार्बाइन आडवी होती.

नळीवर गंजाचा ठिपका दिसताच त्यांनी पिशवीतून शिलाई मशीनचं तेल आणि लुगड्याची चिंधी काढली आणि तिथंच घासायला सुरुवात केली.

हवालदार म्हणाला, “मावशी, कायमची जमा करून टाका की. कशाला हा व्याप?”

“मालक गेल्यावर परवाना माझ्या नावावर करून घेतलाय. ऱ्हाऊ द्या.”

मी विचारलं, “कधी चालवलीत?”

“न्हाई बा. मालक फौजेत व्हते. सुट्टीला आले तरी दिवसभर गावात. रिटायर झाल्यावर ही घेतली. मंग दर रविवारी ओट्यावर बसून दोघं पुसायचो. ते नळी धरायचे, मी तेल लावायची. तवाच काय ते आमचं बोलणं व्हायचं.”

“आणि आता?”

“आता बी बसते. घरातलं सगळं सांगते त्यास्नी. पयल्यापरीस जास्त ऐकत्यात.” त्या हसल्या. “निवडणुकीपायी ही हितं अडकली. सांगायचं लई साठलंय.”

ठिपका निघाला. मावशींनी पिशवीतली चादर बाकावर पसरली. हवालदाराने पुढे येऊन चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून कार्बाइन नीट गुंडाळली.