इंटरकूलरचे पाइप आणि मुरबाडचं स्थळ

गाडीचे पाइप बदलायला जायचं हे मी ठरवलं. वाटेत मुलगा बघायचा हे सुधामावशीने. ही माझ्या आईची धाकटी बहीण, आणि माझं लग्न हे तिने स्वतःहून अंगावर घेतलेलं काम.

ज्यांना टर्बोचा नाद नाही त्यांच्यासाठी: टर्बो इंजिनात हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते, इंटरकूलर तिला थंड करतो. या सगळ्यांना जोडणारे माझ्या गाडीचे रबरी पाइप जोर लावला की बेडकासारखे फुगायचे. तिथे ॲल्युमिनियमचे बसवायचे होते. खर्च एका चांगल्या फ्रिजच्या किमतीइतका. घरी सांगू नका.

सकाळी कल्याणहून निघालो. नाशिक हायवेला धूळ फार, काचा बंद ठेवा. आटगावच्या वेल्डरने दुपारपर्यंत पाइप बसवले. तोवर मावशी शेडबाहेर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला मी इंजिनियर असल्याचं सांगत होती. मी बँकेत आहे.

मागे शहापुरात येऊन वडापाव खाल्ला आणि शेणव्याच्या रस्त्याला लागलो. हा किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जातो. अरुंद आहे, पण दोन्हीकडे भातखाचरं आणि ट्रक कमी. गाडी अशी पळाली की मावशीने आधी देवाचं नाव घेतलं, मग माझं, शिवी जोडून. किन्हवलीच्या पुढे एका चढावर मी पाय दाबला आणि बॉनेटखाली फटाक! मग नुसती फुसफुस. नव्या पाइपाच्या टोकाला अडवायला कड उठवलेलीच नव्हती, त्यामुळे वर चढवलेला सिलिकॉनचा जोड घसरून निघाला होता.

मी बॉनेट उघडेपर्यंत मावशीने मुलाला फोन लावला.

"मावशी, अगं!"

"बघायचाच आहे ना? इथेच बघ."

मुलगा, म्हणजे निलेश, मुरबाडहून मोटारसायकलवरून आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. "मला गाडीतलं काय कळत नाय," तो म्हणाला. "काय धरायचं असंल तर सांगा."

मी पाइप त्याच्या हातात दिला. मावशी जवळच्या घरी पाणी प्यायला गेली, तसा तो हळूच बोलला, "माझं ठरलंय. तानसा धरणाकडची पोरगी हाये, शाळेत शिकवते. आईला सांगायला धीर होत नाय. तुमीच नाय म्हणा ना."

"मीच का? नातेवाइकांत आधीच मी नखरेल म्हणून गाजलेय."

"आई लय मनाला लावून घेईल."

"आणि ती तानशाची? तिने किती थांबायचं?"

 त्याने पाइप आणखी घट्ट धरला.

मावशी आल्यावर मी तिच्याकडे केसांचा स्प्रे मागितला. मला सजवायला तिने तो मुद्दाम आणला होता. "आत्ता सुचलं होय!" म्हणत तिने तो आनंदाने दिला. मी तो जोडाच्या आतून मारला. वाळला की चिकट होतो, जोड घट्ट बसतो. मावशीचा चेहरा बघण्यासारखा होता. वर क्लॅम्प आवळला आणि निघालो.

मुरबाडला निलेशच्या आईने पोहे पुढे केले. "काय गो, हात कशाने काळे?"

"गाडी दुरुस्त केली."

"अशीच पायजे," मावशीकडे वळून त्या म्हणाल्या. "आमाला पसंत हाये."

 निलेश माझ्याकडे बघत होता. मी ताटलीकडे.

"आई," तो शेवटी म्हणाला, "पोरगी चांगली हाये. पण माझं दुसरीकडं ठरलंय."

त्या उठून आत गेल्या. भांडं आपटल्याचा आवाज आला. मग पातेलं घेऊन परत आल्या आणि मला आणखी पोहे वाढले. "तू खा गो. तुझी काय चूक?" मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "तिचं नाव तरी सांग."

मुरबाड-कल्याण रस्ता रुंद आहे, पण मावशी गप्प बसली असेल तर फार लांब वाटतो.

पाइप बदलणार असाल तर टोकाला कड उठवून घ्या. मी नंतर घेतली, आता गाडी झकास आहे. बदललीय ती मावशी. स्थळ आलं की पगार विचारायच्या आधी ती मुलालाच फोन लावते, "तुझं कुठे ठरलंय का रे? खरं सांग." आतापर्यंत तिघांनी हो म्हटलं. त्यातल्या एकाच्या आईला समजवायला मावशी स्वतः गेली. गाडी अर्थात मीच चालवली.