बारीक हेलकावे

राणीसावरगावची विजयमाला परभणीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. पाइपातून धावणाऱ्या पाण्याला अचानक अडवलं की दाबाच्या लाटा उठतात. त्या मोजून, त्यांची कंपनं वेगळी काढून गळती हुडकायची, हा तिचा अभ्यास.

गेल्या हिवाळ्यात झरीकडच्या एका गावाने तिला बोलावलं. नळयोजनेचं पाणी रानांखालच्या पाइपातून टाकीपर्यंत निम्मंच पोचत होतं. काळ्या रानात सांडलेलं पाणी मुरून जायचं, वर ओलसुद्धा दिसायची नाही. विजयमालाने टाकीजवळचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला, यंत्राने लाटा मोजल्या, आणि गणिताने दाखवलेली जागा सांगितली. ती निघाली अंगद नावाच्या शेतकऱ्याच्या ज्वारीत. कणसं नुकती बाहेर पडलेली. तरी त्याने ताटं कापून कमरेएवढा खड्डा घेतला. पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत.

अंगदने कापलेली ताटं बाजूला रचली आणि खड्डा बुजवायला घेतला. ते तिला फार लागलं.

घरी येऊन तिने सगळं पुन्हा तपासलं. यंत्राचे आकडे बरोबर होते. गणितात मात्र एक गोष्ट धरलेली होती, की पाण्याची हालचाल लहान आहे. तसं धरलं की पाण्याचं घर्षण आणि व्हॉल्व्हचं वागणं सरळ रेषेत बसवता येतं. तिने तर धक्का जोराचा दिला होता. त्या धक्क्यात सरळ रेष टिकत नव्हती आणि गळतीची जागा सरकत होती. आता व्हॉल्व्ह जरासाच हलवायचा, तर लाट इतकी नाजूक उठणार की या पाइपावरच्या एखाद्या घरात कोणी नळ उघडला तरी ती बुडून जाईल.

ती पुन्हा गावात गेली, तेव्हा अंगदनेच घरोघर सांगून सकाळपुरते नळ बंद करवले. विजयमालाने व्हॉल्व्ह हलक्या हाताने पुढेमागे केला. उत्तर आलं, ते तिने दोनदा तपासलं. जागा पुन्हा अंगदच्याच रानात होती, पलीकडच्या अंगाला.

ते त्याला सांगायला ती स्वतः गेली. त्याने उरलेल्या ज्वारीकडे हात केला.

"ताई, रान तेच, यंत्रबी तेच. आता कशाच्या भरवशावर खोदायचं?"

"चूक यंत्राची नव्हती, माझ्या हिशेबाची व्हती."

"आन् आता चूक न्हाई?"

"हाय. पण किती हाय ते आता ठाऊक हाय. त्या बोरीपासून बांधापर्यंत. गळती त्याच्या भायेर जायची न्हाई."

अंगदने टिकाव उचलला. बोरीजवळ काही लागलं नाही. बांधाकडे सरकत गेल्यावर माती चिकट लागायला लागली, मग खड्ड्यात पाणी झिरपलं. पाइपाचा जोड उकलला होता. विजयमाला बांधावरच बसून राहिली.

जोड बदलल्यावर टाकी भरली. उरलेल्या ज्वारीचा हुरडा झाला, तेव्हा अंगदच्या आईने, भिवराबाईने, तिला निरोप धाडून बोलावलं आणि गरम हुरडा आपल्या हातांनी चोळून तिच्यापुढे ठेवला.