परीक्षेचं गाऱ्हाणं

आमच्या घरात नवीन काहीही सुरू करायचं तर आधी बाबा नारळ हातात धरून उंबऱ्याशी उभे राहतात आणि गावदेवीला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे त्या-त्या कामापुरतं खास साकडं. पेरणी असो, टेम्पो बाहेर काढणं असो, त्यांचं आटपेपर्यंत कुणी पाऊल उचलायचं नाही. प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला मी अशी दोनदा साग्रसंगीत गेले आणि दोनदा नापास होऊन आले. तिसरी खेप शेवटची होती, नवी मुंबईतली नोकरी तिच्यावर अडली होती. या वेळी मी गुपचूप आमच्या तळा गावातून माणगावची पहिली एसटी पकडली.

माणगावच्या कॉलेजात प्रोग्रॅम आला तो साधाच. क्लास म्हणजे साचा; 'वाहन' हा बाप-क्लास, 'टेम्पो' त्याचा लेक. बापाची चाकं, ब्रेक, सगळं लेकाला आयतं, याला इनहेरिटन्स म्हणतात. आयतं म्हटल्यावर मी खूश. पण प्रोग्रॅम चालेल तर शपथ! स्क्रीनवर तीच ती एररची लाल ओळ.

तेवढ्यात शिपाई ओरडला, "नारळवाले कुणाचे वडील?" अख्खी लॅब खिदळली. दारात बाबा उभे, पायांना शेतातला चिखल तसाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाय, माझं व्हायच्या आधीच निघालीस व्हय?"

"बाबा, जा ना तुमी!" म्हणून मी वळले आणि थबकले. प्रोग्रॅममध्येही तसंच: लेकाचा ऑब्जेक्ट तयार होताना त्याला उभा करणारा कोड, म्हणजे कन्स्ट्रक्टर, आधी बापाचा चालतो. आणि 'वाहना'च्या कन्स्ट्रक्टरला चालायला गाडीचा नंबर हातात द्यावा लागत होता, तो मी दिलाच नव्हता. लेकाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिल्याच ओळीत बापाला नंबरासकट हाक मारली. टेम्पो निघाला!

परीक्षकांनी हसू दाबत विचारलं, "आता मेथड ओव्हरलोडिंग सांगा."

"सर, गाऱ्हाणं," मी म्हणाले. "नाव एकच. पण म्हशीसाठी घातलं की मजकूर वेगळा, टेम्पोसाठी घातलं की वेगळा."

"झालात पास. जा, वडील थांबलेत."

बाबा फाटकाशी नारळ फोडून वॉचमनला खोबरं देत होते. पास झाल्याचं सांगितलं तर त्यांना नवल नाही.

"व्हनारच व्हतीस. मागल्या दोन येळंला माझंच चुकलं, बाय. पेरणीचं गाऱ्हाणं घातलं मी. परीक्षेचं मला येतच न्हवतं. आज नवीन जुळवून आणलं."

दोन्ही वेळा अभ्यास मी केला नव्हता, आणि हा माणूस चूक स्वतःच्या गाऱ्हाण्यात शोधत बसला होता. मला फार लाज वाटली. बोलावं लागू नये म्हणून मी खोबऱ्याचा मोठा तुकडा तोंडात टाकला.