नानासोंचा पैरा

नानासो पलटणीतून पेन्शन घेऊन आले तेव्हा गावाला वाटलं, आता हा गडी पारावर बसून लढाया सांगत आमची डोकी खाणार. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते साताऱ्याच्या लोकांबरोबर डोंगरात वाट करायला गेले.

आमचं गाव कोयनानगरच्या पुढे, घाटाच्या वळणांत. मी तिथल्या शाळेत मास्तर. मूळचा वडूजचा, उघड्या माळाचा माणूस, त्यामुळे त्या झाडीत माझा जीव कधी रमला नाही. नानासोंना मूलबाळ नव्हतं आणि बायको, बनुबाई, वारलेली. संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर बसायचो, बहुतेक वेळा काही न बोलता.

एक्याण्णव साली सातारा-वाईकडच्या हौशी मंडळींनी एक मंडळ काढलं. पाचगणीहून डोंगरमाथ्यानं निघायचं ते थेट सांगली जिल्ह्यात, शिराळ्याच्या अंगाला उतरायचं, अशी सलग पायवाट करायची. पगार नाही, ठेकेदार नाही. रविवारी जमेल त्यानं यावं, झुडपं तोडावीत, दगडांवर पांढरे बाण काढावेत. कल्पना झकास होती, हे मीही मान्य करतो. म्होरक्या होता वाईचा अवधूत, बँकेतला. वाट आखत तो आमच्या गावात आला तेव्हा नानासोंनीच त्याला वरची जुनी वाट दाखवली. ती पलीकडे बनुबाईंच्या माहेरी उतरते. लग्न झाल्यावर नानासो बनुबाईंना याच वाटेनं घेऊन आले होते. आता एसटी आल्यापासून तिच्यावरून कुणी जात नव्हतं, आणि पावसाळ्यात कारवीची झुडपं डोक्याच्या वर वाढतात. दोन-चार वर्षं कोयता लागला नाही की वाट संपलीच. नानासोंना ती संपू द्यायची नव्हती, बाकी त्यांना काही नको होतं.

घोळ झाला तो इथे, आणि असला घोळ आमच्या भागातलाच माणूस घालू जाणे. आमच्याकडे शेतीत पैरा चालतो. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. ज्याचं रान असेल त्यानं जेवू घालायचं. नानासोंनी मंडळाचं काम म्हणजे पैराच धरला. आधी पाचगणीकडचा तुकडा झाला, मग साताऱ्याकडचा. पेरणी असो की सुगी, हे रविवारी पहिल्या एसटीत. भाऊबंद म्हणायचे, "आवं नानासो, लावणीला या की." हे म्हणायचे, "पुढल्या बारीला." हळूहळू भाऊबंदांनी बोलावणंच सोडलं.

मी चिडायचो. "शहरातल्या लोकांची हौस चाललीय, तुम्ही कशाला मरताय?"

ते हसायचे. "आवं मास्तर, उद्या आपल्या डोंगराला माणसं लागत्याल का न्हाई? तवा हीच येत्याल."

मंडळ आमच्या डोंगराशी पोचेपर्यंत पार पातळ झालं. कुणाचं लग्न झालं, कुणाची पुण्याला बदली झाली. शहाण्णवचा पावसाळा सरला तसे नानासो स्वतःच वाईला गेले. पैऱ्याचं आवतण दारात जाऊन द्यायचं असतं, म्हणून वाई-सातारा घरोघर फिरले. अवधूतनं चहा पाजला आणि म्हणाला, "नक्की येतो नानासो, सगळ्यांना घेऊन येतो." सगळे तसंच म्हणाले. ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. शहरात 'येतो' म्हणणं ही सभ्यता असते. आमच्या गावात 'येतो' म्हटलेला माणूस अंथरुणाला खिळला तरच चुकतो.

ठरल्या रविवारी नानासोंनी उजाडायच्या आत चूल पेटवली. भात, आमटी, गव्हाची खीर. लग्नात वापरायची मोठी पातेली मागून आणली होती. पहिल्या एसटीतून कुणी उतरलं नाही. दुसरीतून टपालाची पिशवी उतरली. मला असा संताप आला की समोर अवधूत असता तर त्याची खैर नव्हती. नानासो एवढंच म्हणाले, "कायतरी अडचण आली आसंल," आणि डोंगराला लागले.

दुपार कलल्यावर मी वर गेलो. ते एकटेच कारवी तोडत होते. सकाळपासून मोठ्या अंगणाएवढी जागा मोकळी झाली होती, आणि पुढे सगळा डोंगर तसाच उभा होता.

"जेवलात का?" मी विचारलं.

"पैऱ्याची माणसं जेवल्याबिगर घरधनी कसा जेवंल?"

"माणसं आलीत कुठं, नानासो?"

त्यांनी पुढचं झुडूप धरून तोडलं. मग मीच म्हटलं, "गावातल्यांना बोलवा की."

"कुठल्या तोंडानं बोलवू? पाच वर्सं कुणाच्या बांधाला गेलो न्हाई मी. माझा पैरा आता कुणावरच न्हाई."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. बाजूला फडक्यावर पाहुण्यांसाठी धार लावून आणलेले कोयते मांडलेले होते. मी त्यातला एक उचलला आणि बाह्या सारल्या.

नानासो जवळ आले. माझ्या हातातून त्यांनी तो कोयता हळूच काढून घेतला.

"नगं मास्तर. तुमचं रान कुठं हाय हितं? तुमचा पैरा मी कुठं फेडू?"

त्यांनी तो कोयता फडक्यावर ठेवला आणि ते पुन्हा कारवीत शिरले.